जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवताना: कॅप्चर कार्ड, ओबीएस स्टुडिओ आणि नेमकं कुठे काय बिघडतं

लग्नाची, मुंजीची, बारशाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर घ्यायची म्हटलं की पहिली चौकशी होते ती कॅप्चर कार्डाची, म्हणजे व्हीसीआरचं चित्र आणि आवाज संगणकात घेणाऱ्या उपकरणाची. खरं तर या साखळीत सगळ्यात कमी त्रास कार्डच देतं. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा कार्डाच्या अलीकडे, म्हणजे टेप आणि व्हीसीआरपाशी. नाहीतर पलीकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चार-पाच सेटिंग्जपाशी. म्हणून इथला क्रमही तोच: आधी टेप, मग यंत्र, मग कार्ड, मग ओबीएस स्टुडिओ. ओबीएस म्हणजे ते चित्र फाइलमध्ये रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर; ते मुक्तस्रोत आहे, फुकट आहे आणि विंडोज व लिनक्स दोन्हीवर चालतं.

हे काम फार लांबणीवर टाकू नये. व्हीएचएस १९७६ साली बाजारात आलं आणि जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जी यंत्रं मिळतात ती सगळी वापरलेली, आणि त्यांतल्या रबराच्या चाकांचं व पट्ट्यांचं वय दरवर्षी वाढतंच आहे.

सुरुवातीलाच एक खात्री करून घ्या: हातातली कॅसेट व्हीएचएसच आहे ना? साधारण पुस्तकाएवढी, अर्धा इंच रुंद टेपची, ती व्हीएचएस. तिचंच छोटं भावंड व्हीएचएस-सी अडॅप्टरमध्ये घालून त्याच व्हीसीआरमध्ये चालतं. हँडीकॅमची ८ मिलिमीटर टेपची कॅसेट त्याच जातीच्या कॅमेऱ्यात लावून कॅमेऱ्याच्या एव्ही-आउटमधून घ्यावी लागते. मिनी-डीव्ही असेल तर कॅप्चर कार्डाच्या वाटेलाच जाऊ नका. तिच्यावरची माहिती मुळात डिजिटल असते. ती फायरवायर नावाच्या डिजिटल केबलने जशीच्या तशी उतरते, आणि एव्ही-आउटच्या पिवळ्या पिनीतून काढली तर विनाकारण दर्जा घालवून बसाल.

टेप: लावण्याआधी बघा

कॅसेटच्या खिडकीतून रिळाची कड उजेडात धरून नीट बघा. निरोगी टेपची कड काळी, सपाट आणि एकसारखी चमकदार दिसते. पांढरे ठिपके, कापसासारखे धागे किंवा राखाडी पापुद्रा दिसला तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, गोव्यात कपाटाच्या तळाशी राहिलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, चिकटते, चित्र जातं, आणि तिचे कण त्याच यंत्रात लावलेल्या पुढच्या चांगल्या कॅसेटवर बसतात. ती वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा आणि टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

कॅसेट ठीक असेल तर मागच्या कडेला असलेली छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका. ती नसली की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्ड करू शकत नाही. चुकून लाल बटण दाबलं गेल्यामुळे लग्नातली दहा मिनिटं कायमची पुसली गेली, असं खूप घरांत झालेलं आहे.

मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे पळवा आणि पूर्ण मागे घ्या, मध्ये न थांबता. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिलेल्या टेपचे वेढे कुठे घट्ट, कुठे सैल झालेले असतात. एकदा मोकळी करून गुंडाळली की ताण सारखा होतो आणि चित्र वरच्या बाजूला वाकतं ते कमी होतं. फॉरवर्ड करताना यंत्र कण्हायला लागलं किंवा मध्येच थांबलं तर जबरदस्ती करू नका. बऱ्याचदा दोष टेपचा नसून कॅसेटच्या डब्याचा असतो. मागचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं दुसऱ्या, चांगल्या डब्यात बसवता येतात. उघडण्यापूर्वी टेप कुठल्या खांबांवरून फिरते त्याचा फोटो काढून ठेवा. तुटलेली टेप सेलोटेपने कधीही जोडू नये. तिचा गोंद हेडला लागतो. त्यासाठी वेगळी स्प्लायसिंग टेप मिळते.

शक्य असेल तर हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत व्हीसीआरमधल्या, हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमवर बाष्प धरतं, टेप त्याला चिकटते आणि गुंडाळली जाते. काही व्हीसीआर अशा वेळी दवाची खूण दाखवून चालायलाच नकार देतात. ते बिघाड नाही, शहाणपण आहे.

आणखी एक चौकशी करण्यासारखी आहे. नातेवाइकांकडची कॅसेट ही बहुधा मूळ कॅसेटवरून काढलेली प्रत असते, आणि व्हीएचएसच्या प्रत्येक प्रतीत रंग पसरतात, कडा बोथट होतात. घरात किंवा नवऱ्यामुलाच्या घरी मूळ कॅसेट आहे का ते आधी शोधा. त्या एका फोनने जो फरक पडतो तो कुठल्याही महागड्या कार्डाने पडत नाही.

व्हीसीआर

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, नाहीतर ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे विचारा. घेताना स्वतःची, बिनमहत्त्वाची एक कॅसेट सोबत न्या. प्ले, फॉरवर्ड, रिवाइंड, इजेक्ट या चारही गोष्टी चालवून बघा आणि कॅसेट बाहेर आल्यावर टेपची कड दुमडलेली नाही ना, ते तपासा. कड दुमडत असेल तर पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे नेणारं रबराचं चाक, गेला आहे. ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

भारतातलं रेकॉर्डिंग पाल पद्धतीचं असतं: ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते: ५२५ रेषा, सेकंदाला साधारण २९.९७ फ्रेम. निव्वळ पाल यंत्रात ती लावली तर चित्र काळंपांढरं होऊन फिरत राहतं. तिला मल्टी-सिस्टीम व्हीसीआर लागतो. त्यातही मेख आहे. काही यंत्रं एनटीएससी कॅसेट ‘पाल-६०’ नावाच्या अर्धवट रूपात बाहेर काढतात. टीव्ही ते पचवतो, पण बरीचशी कॅप्चर कार्डं पचवत नाहीत. व्हीसीआरवर खरा एनटीएससी आउटपुट देणारा स्विच असेल तर तो वापरा, कार्डही एनटीएससीवर ठेवा. उलट अमेरिकेत राहणाऱ्यांकडे भारतातून नेलेली कॅसेट असेल तर तिथला साधा व्हीसीआर ती वाजवणार नाही. पाल यंत्र इथूनच न्यायचं ठरवलं तर २२० व्होल्टचा हिशेब आधी करा.

हेड साफ करणं बहुतेकांना घाबरवतं, पण पद्धत सोपी आहे. प्लग काढा. वरचं झाकण उघडा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये शामॉय कातड्याचा मऊ तुकडा किंवा साधा स्वच्छ कागद भिजवा, तो चकचकीत ड्रमच्या बाजूला हलकाच धरा आणि ड्रम दुसऱ्या हाताने सावकाश फिरवा. हात स्थिर, फिरतो तो ड्रम. वर-खाली कधीही घासायचं नाही: हेड म्हणजे ड्रमच्या कडेला बसवलेले अगदी नाजूक तुकडे असतात आणि आडव्या दिशेशिवाय कुठलाही जोर त्यांना सहन होत नाही. कापसाची काडी नको, तिचे धागे त्यातच अडकतात. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत कॅसेट घालू नका.

कॅसेट चालू केल्यावर ट्रॅकिंगची बटणं एक-एक दाबत चित्रातल्या मुंग्या कमीत कमी करा. प्रत्येक कॅसेटला ट्रॅकिंग नव्याने लावावं लागतं, कारण ती वेगवेगळ्या यंत्रांवर रेकॉर्ड झालेली असते. मेनूत ‘ब्ल्यू बॅक’ असेल तर बंद करा. नाहीतर सिग्नल जरा कमजोर झाला की व्हीसीआर स्वतःच निळा पडदा दाखवतो आणि दिसण्यासारखं चित्रही हातचं जातं.

कार्ड निवडणं आणि जोडणं

बाजारात दोन जाती आहेत. एक, पिवळी-लाल-पांढरी पिन घेणारी यूएसबी कार्डं, ज्यांना सगळेच सरसकट ‘ईझीकॅप’ म्हणतात. दुसरी, एचडीएमआय घेणारी. व्हीएचएससाठी पहिलीच घ्या. एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी मध्ये लावून दुसऱ्या जातीचं कार्ड वापरायचा मोह होतो, पण ती डबी चित्र परस्पर ७२० किंवा १०८० रेषांवर ताणते, बऱ्याचदा ४:३ चित्राचं १६:९ करून सगळ्यांना जाडं करते आणि अर्धी हालचाल टाकून देते. नंतर ते दुरुस्त होत नाही.

ईझीकॅपच्या एकसारख्या दिसणाऱ्या डबीत वेगवेगळ्या चिप निघतात: एसटीके११६०, ईएम२८६०, यूटीव्ही००७, सोमॅजिक. ड्रायव्हर चिपप्रमाणे लागतो, डबीवरच्या नावाप्रमाणे नाही. म्हणूनच मित्राकडे चाललेली ड्रायव्हरची सीडी तुमच्याकडे चालत नाही. विंडोज ११ मध्ये ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर चढतच नाहीत. ती सुरक्षा कायमची बंद करण्यापेक्षा लिनक्स वापरणं बरं. पहिल्या तीन चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतात; कार्ड खोचलं की ते ओळखलं जातं. सोमॅजिकला मात्र वेगळं फर्मवेअर चढवावं लागतं, त्यामुळे ते टाळलेलंच बरं. जुन्या डेस्कटॉपमध्ये बीटी८७८ चिपचं पीसीआय टीव्ही ट्यूनर कार्ड पडून असेल तर तेही लिनक्सवर अजून चालतं. त्यातल्या अँटेनाच्या नव्हे, कॉम्पोझिटच्या (पिवळ्या पिनीच्या) भोकातून सिग्नल द्या.

जोडणी अशी: व्हीसीआरच्या मागच्या ‘व्हिडिओ आउट’मधून पिवळी पिन कार्डाच्या पिवळ्यात, ‘ऑडिओ आउट’मधून पांढरी आणि लाल. खूप व्हीसीआर मोनो असतात, त्यांना आवाजाचं एकच भोक असतं. तेव्हा फक्त पांढरी जोडा, लाल मोकळी राहू द्या. कार्ड थेट संगणकाच्या पोर्टमध्ये खोचा. ७२० बाय ५७६ चं कच्चं चित्र सेकंदाला सुमारे २१ एमबी माहिती पाठवतं; कार्ड यूएसबी हबवर लावलं आणि त्याच हबवर बाहेरची हार्डडिस्कही असेल तर फ्रेम गळायला लागतात.

एकाच वेळी टीव्हीवरही दिसावं म्हणून पिवळ्या वायरला दोन-तोंडी पिन लावू नका. एका आउटपुटवर दोन उपकरणं आली की सिग्नल विभागला जातो आणि चित्र अंधारतं. टीव्ही हवाच असेल तर व्हीसीआरच्या अँटेना-आउटमधून जोडा.

ओबीएसमधली मांडणी

व्हीसीआर चालू ठेवा, कॅसेट प्ले करा, मगच पुढचं करा. सिग्नल नसताना बरीच कार्डं काळा किंवा निळा पडदा दाखवतात आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो.

पहिलं पाऊल ‘सेटिंग्ज’मधलं ‘व्हिडिओ’. बेस कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही ७६८ बाय ५७६ लिहा, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ‘५० पाल’ निवडा. ७२० ऐवजी ७६८ का? पालचे पिक्सेल चौकोनी नसतात. ७२० बाय ५७६ तसंच दाखवलं तर सगळे किंचित उभट दिसतात. खरं ४:३ चित्र ७६८ रुंदीला बसतं. आणि ५० का, ते पुढे येतंच आहे.

‘ऑडिओ’मध्ये सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ करा. डेस्कटॉप ऑडिओ आणि माइक दोन्ही ‘डिसेबल्ड’ करा. हे विसरलात तर मंगलाष्टकांच्या मागे तुमच्या घरातला प्रेशर कुकर ऐकू येईल.

आता ‘सोर्सेस’खालचं अधिक चिन्ह दाबून ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घ्या आणि यादीतून कार्ड निवडा. लॅपटॉपचा वेबकॅमही त्याच यादीत असतो. ‘रिझोल्यूशन/एफपीएस टाइप’ मध्ये ‘कस्टम’, रिझोल्यूशन ७२० बाय ५७६, एफपीएस २५, फॉरमॅट वाययूवाय२. इथे ‘मॅच आउटपुट एफपीएस’ ठेवू नका. आउटपुट ५० आहे, कार्ड २५ देतं; जुळत नाही म्हणून काही कार्डं चित्रच देत नाहीत. रंगांसाठी ‘६०१’ आणि रेंज ‘लिमिटेड’.

त्याच खिडकीत विंडोजवर दोन बटणं आहेत, तीच खरी किल्ली. ‘कॉन्फिगर क्रॉसबार’मध्ये इनपुट ‘कॉम्पोझिट’ आहे का बघा. ‘एस-व्हिडिओ’वर राहिलं असेल तर पडदा काळा राहतो किंवा काळंपांढरं, बारीक ठिपक्यांची जाळी असलेलं चित्र दिसतं. ‘कॉन्फिगर व्हिडिओ’मध्ये ‘व्हिडिओ डिकोडर’ टॅबवर स्टँडर्ड ‘पाल-बी’ करा. खाली ‘सिग्नल डिटेक्टेड’पुढे १ आणि ‘लाइन्स डिटेक्टेड’पुढे ६२५ दिसलं की कार्ड आणि व्हीसीआर एकमेकांना समजले. ५२५ दिसलं तर कॅसेट एनटीएससी आहे. ‘व्हीसीआर इनपुट’ची चौकट निवडता येत असेल तर निवडा: टेपचा सिग्नल किंचित डगमगतो आणि या खुणेने कार्ड त्याला जरा सैल हाताने धरतं. काही चिपांवर ही बटणं काहीच उघडत नाहीत. ती कार्डं इनपुट आपोआप ओळखतात. लिनक्सवर इनपुट आणि स्टँडर्ड याच खिडकीतल्या दोन याद्यांमध्ये मिळतात.

दुसऱ्या टॅबवर उजळपणा आणि काँट्रास्ट आहेत. स्वस्त कार्डं पांढरं फार वाढवून देतात. लग्नाच्या शूटिंगमध्ये समोरून हॅलोजनचा झोत मारलेला असतो. नवरदेवाच्या सदऱ्याच्या चुण्या किंवा भटजींच्या उपरण्याची घडी दिसते का ते बघा. पांढऱ्याचा नुसता सपाट डाग दिसत असेल तर काँट्रास्ट थोडाथोडा कमी करत चुण्या परत येईपर्यंत जा. या क्षणी गेलेला तपशील नंतर कुठल्याही एडिटिंगमध्ये परत येत नाही; चित्र जरा फिकं आलं तर मात्र ते नंतर सुधारता येतं.

चित्र कॅनव्हासवर आलं की त्यावर उजवं क्लिक करून ‘ट्रान्सफॉर्म’मधलं ‘स्ट्रेच टू स्क्रीन’ घ्या. ‘फिट टू स्क्रीन’ घेतलंत तर ७२० चं प्रमाण तसंच राहतं आणि कडेला काळ्या पट्ट्या येतात.

परत उजवं क्लिक, ‘डीइंटरलेसिंग’, ‘याडिफ २एक्स’, आणि खालून ‘टॉप फील्ड फर्स्ट’. व्हीएचएसची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची विणलेली असते: एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम, आणि दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. तसंच रेकॉर्ड केलं तर हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात. ‘२एक्स’ त्या प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम करतं, म्हणून एफपीएस ५०. २५ वर ठेवलं तरी चालतं, पण वरातीतलं नाचणं टीव्हीवर जसं सलग दिसायचं तसं दिसणार नाही. फील्डचा क्रम बरोबर आहे का हे कळण्यासाठी कॅमेरा आडवा फिरलेला भाग बघा. चित्र पुढे-मागे थरथरत असेल तर क्रम उलटा आहे, ‘बॉटम’ करून बघा.

आवाज

कार्डाचा आवाज संगणकाला वेगळा माइक म्हणून दिसतो. सोर्सच्या खिडकीत खाली ‘यूज कस्टम ऑडिओ डिव्हाइस’ निवडून त्यातून कार्डाचं नाव घ्या. मीटर हलत नसेल तर विंडोजच्या ‘प्रायव्हसी’मध्ये ‘मायक्रोफोन’ला डेस्कटॉप ॲपसाठी परवानगी आहे का बघा, चित्र येतं पण आवाज नाही, यामागे बहुतेक वेळा हेच निघतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या उपकरणाचे ‘एनहान्समेंट्स’ बंद करा, नाहीतर सनईचा सूर ‘नको असलेला आवाज’ समजून दाबला जातो.

आवाज एकाच कानात येत असेल तर ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मोनो’ची चौकट निवडा. तिथेच ‘मॉनिटर अँड आउटपुट’ केलं की रेकॉर्ड होताना ऐकताही येतं. मीटर जोरात बोलण्याच्या वेळी पिवळ्यात जावं, लालला टेकू नये. हाय-फाय व्हीसीआर असेल आणि आवाजात मध्येच फडफड किंवा गुणगुण येत असेल, तर रिमोटवरून आवाज ‘हाय-फाय’ऐवजी ‘नॉर्मल’ करा. हाय-फायचा आवाज चित्राबरोबर तिरक्या रेषांत लिहिलेला असतो आणि ट्रॅकिंग जरा चुकलं की तुटतो. नॉर्मल टेपच्या कडेला सरळ लिहिलेला, कमी दर्जाचा पण भरवशाचा.

रेकॉर्डिंग

‘आउटपुट’ ‘ॲडव्हान्स्ड’वर ठेवा. एन्कोडर एक्स२६४, रेट कंट्रोल ‘सीआरएफ’, आकडा १८, प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’. संगणक दमदार असेल तर ‘फास्ट’. टेपवरच्या मुंग्यांमुळे फाइल अपेक्षेपेक्षा मोठी होते: सेकंदाला ६ मेगाबिट धरले तर तासाला २.७ जीबी. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सटी४ असावी. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि मुंज संपायच्या आधी रेकॉर्डिंग बंद पडतं.

फॉरमॅट एमकेव्हीच घ्या. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली तर सबंध फाइल उघडत नाही. एमकेव्ही जिथपर्यंत झाली तिथपर्यंत वाचते. भारनियमन असलेल्या गावात हा एक निर्णयच कामाचा आहे. नंतर ‘फाइल’मधल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने तिचं एमपी४ होतं, दर्जा न घटता, मिनिटभरात.

आधी पाच मिनिटांचा तुकडा रेकॉर्ड करून व्हीएलसीमध्ये बघा. ओठ आणि आवाज, फणीचे दात, चेहऱ्यांची रुंदी, पांढरे कपडे. सगळं जागेवर असेल तरच कॅसेट सुरुवातीला नेऊन रेकॉर्ड दाबा आणि मग प्ले. ई-१८० कॅसेट साध्या वेगात तीन तास चालते, एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगात, सहा. ‘टूल्स’मधल्या ‘आउटपुट टायमर’ला तीन तास दहा मिनिटं लावून ठेवली की रात्रभर निळा पडदा रेकॉर्ड होत नाही. संगणकाची झोप, स्क्रीनसेव्हर आणि अपडेट त्या वेळेपुरते बंद ठेवा.

‘डॉक्स’मधलं ‘स्टॅट्स’ उघडं ठेवा. ‘एन्कोडिंग लॅग’चा आकडा वाढत असेल तर प्रीसेट हलका करा. मात्र हे आकडे फक्त ओबीएसने गमावलेल्या फ्रेमचे असतात. कार्डानेच फ्रेम टाकली तर ओबीएसला त्याचा पत्ता लागत नाही.

बिघाड आणि त्यांची कारणं

चित्राच्या तळाशी आठ-दहा रेषांचा फाटका, सरकणारा पट्टा दिसतो: तो दोष नाही. ड्रमवरचं एक हेड सोडून दुसरं हेड टेपवर येतं ती जागा ती. टीव्ही कडा झाकायचा म्हणून पूर्वी दिसत नसे. नंतर कापा किंवा काळा करा.

वरचा भाग झेंड्यासारखा तिरका वाकत असेल तर टेपच्या ताणामुळे रेषांची वेळ चुकते आहे. ट्रॅकिंगने भागत नसेल तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेषांची वेळ पुन्हा जुळवणारं यंत्र, लागतो. तो महाग आणि दुर्मिळ. त्यापेक्षा जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा. व्हीसीआर त्याच्या एव्ही-इनमध्ये आणि त्याच्या आउटमधून कार्डात असं जोडलं की काही मॉडेल, विशेषतः पॅनासॉनिकची डीएमआर-ईएस१०, ईएस१५ ही यंत्रं, रेषा सरळ करून पुढे देतात. डिस्क घालायची गरजच नाही.

आवाज चित्राच्या पुढे-मागे आहे, पण शेवटपर्यंत तेवढाच, तर ‘सिंक ऑफसेट’मध्ये मिलिसेकंद भरून सुटतं. सुरुवातीला जुळलेला आवाज तासाभराने सरकत गेला असेल तर ऑफसेटचा उपयोग नाही. फ्रेम गळताहेत. पोर्ट बदला, हब काढा, टेपचा खराब भाग कुठे आहे ते बघा. कॅसेटवर दोन शूटिंगच्या मध्ये कोरी जागा असेल तर तिथे थांबून दुसरी फाइल सुरू करणं सगळ्यात सोपं.

पडद्यावर रुंद, आडवा, सावकाश वर सरकणारा पट्टा आणि आवाजात घुंऽऽ: अर्थिंगचा प्रश्न. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला, तर बॅटरीवर कॅप्चर करा किंवा दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. व्हीसीआरला केबल टीव्हीची वायर अजून जोडलेली असेल तर तीही सोडवा.

चित्र दर काही सेकंदांनी उजळतं आणि अंधारतं, तेही फक्त विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटवर: ती मॅक्रोव्हिजनची प्रतबंदी आहे, यंत्राचा बिघाड नव्हे. घरच्या शूटिंगच्या कॅसेटवर ती नसते.

ज्यांना मूळ प्रत जशीच्या तशी जपायची आहे

ओबीएसच्या रस्त्याने अर्ध्या चित्रांचं जुळवणं रेकॉर्डिंगच्या वेळीच होऊन जातं. बघायला आणि वाटायला ते पुरेसं आहे. पण एखादी कॅसेट खरोखर दुर्मिळ असेल, गावच्या जत्रेची किंवा आता हयात नसलेल्या कलाकाराच्या मैफलीची, तर विंडोजवर व्हर्च्युअलडब२ वापरा. तेही मुक्तस्रोत आहे. ‘कॅप्चर एव्हीआय’मध्ये जाऊन ७२० बाय ५७६, वाययूवाय२, २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ पीसीएम, आणि कॉम्प्रेशनमध्ये हफवायूव्हीसारखा काहीही न गमावणारा कोडेक. एफ५ ने सुरू, एस्केपने बंद. कच्चं चित्र तासाला सुमारे ७५ जीबी घेतं. हफवायूव्हीने ते निम्म्याच्या आसपास किंवा खाली येतं, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला सव्वाशे जीबीची तयारी ठेवा. याचा मोठा फायदा म्हणजे किती फ्रेम गळल्या हे ते खिडकीतच मोजून दाखवतं.

त्या फाइलची बघण्याची प्रत हँडब्रेक या सॉफ्टवेअरने काढा. ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’ला ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा ‘याडिफ’ आणि प्रीसेट ‘बॉब’. ‘इंटरलेस डिटेक्शन’ बंद. फ्रेम रेट ५० कॉन्स्टंट. पिक्सेलचं प्रमाण १६:१५. तळाच्या फाटक्या रेषा ‘क्रॉप’मध्ये कापून टाका. डीनॉइज लावायचाच असेल तर सगळ्यात हलका. जास्त लावला की चेहरे मेणाचे होतात आणि पैठणीचा काठ पुसला जातो.

फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग प्रसंग, मग कॅसेटवरचा क्रमांक लिहा, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवा आणि फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बघून होईपर्यंत ती भंगारवाल्याला देऊ नका.